घंटा वाजली नाही

"थांब! पायरीला पाय लावू नको," रखमाजी पाटलांनी वरून आवाज दिला, आणि कडूबाचा उचललेला पाय तसाच राहिला.

बारव खोल होती. तीस-पस्तीस पायऱ्या उतरल्यावर पाणी, आणि उन्हाळ्यामुळे त्या पाण्यावर हिरवी साय धरलेली. कडूबाच्या खांद्यावर बादली आणि दोर, हातात लाल दवेची पत्र्याची डबी. मागे गाव कसं चिडीचूप होतं. तीन दिवसांत नऊ माणसं पटकीनं गेली होती आणि उरलेली निम्मी शेतात पाल ठोकून राहिली होती.

"पाटील, तहसीलीचा हुकूम हाये," कडूबा म्हणाला. "ही दवा पाण्यात गेली का पटकी थांबती. वरून टाकून भागत न्हाई, खाली उतरून ढवळावं लागतंय."

"तू गावकुसाबाहेरचा, त्यात पुन्हा किरिस्ताव झालेला. तू उतरला तर आमची बारव बाटली."

"मंग तुमच्यातलं कोणी उतरा. मी वरून सांगतो, बराबर तसं करा."

पाटलांनी मागे वळून पाहिलं. मागे चार म्हातारे आणि म्हातारी चतुराबाई. कोणीच पुढे आलं नाही. त्या पाण्यात मरीआई येऊन बसली आहे, असं कालपासून गावात बोललं जात होतं. विटाळ वाईट की मरीआई, याचा निवाडा पाटलांनी उभ्याउभ्याच करून टाकला.

"जा," ते म्हणाले. "पण जल्दी कर."

कडूबा उतरला. पाटलांची भीती त्याच्या मनात नव्हतीच, मन मागे मिशनमध्ये अडकलं होतं.

मिशनच्या दवाखान्यात पाणी भरणं हे त्याचं अठरा वर्षांचं काम. पटकीच्या दिवसांत मात्र मेमसाहेब डॉक्टरीण त्याला दवेची डबी देऊन गावोगाव पाठवायच्या. या साली त्यानं बावीस विहिरी लाल केल्या होत्या. आणि काल दिवेलागणीला त्याच्याच घरात, त्याची सात वर्षांची नंदा उलट्या करत आडवी झाली. बावीस गावांचं पाणी राखलं आणि घरचंच माठातलं पाणी राखायचं राहिलं, की आणखी कुठून आलं, ते त्या एका देवालाच माहीत. रात्रभर ती दवाखान्यानं पटकीच्या रोग्यांसाठी ठोकलेल्या तंबूत होती. पहाटे मेमसाहेब बाहेर आल्या, त्यांचे डोळे तांबडे झाले होते.

"शिरेतून मिठाचं पाणी देते आहे, कडूबा. तू इथे बसून काय करणार? त्या गावात रोज तीन माणसं मरतात."

खरं होतं ते. म्हणून तो आला. बायकोला, द्वारकाबाईला, तंबूबाहेर चिंचेखाली बसवून आला.

कडूबाच्या आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथ्याचं नाव तिनं मुद्दाम कडूबा ठेवलं. मरणानं चाखून पाहिलं तरी थुंकून टाकावं म्हणून. पुढे कडूबानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पाद्रीसाहेबांनी दुसरं नाव सुचवलं होतं, पण आईची आठवण म्हणून त्यानं तेच ठेवलं. मुलगी झाली तेव्हा मात्र छाती काढून म्हणाला, आता आपण कोणाला भ्यायचं? हिचं नाव नंदा. आज पायऱ्या उतरताना ते त्याला आठवत होतं. धोंडी ठेवलं असतं तर? नकोशी ठेवलं असतं तर? पंधरा वर्षं ख्रिस्ताच्या देवळात बसलेला माणूस, आणि मनात हे असले विचार.

याहून वाईट गोष्ट त्यानं वाटेत केली होती. नवस. पाद्रीसाहेब घसा फोडून सांगायचे, की आपल्यात नवस नसतो, देव काही बाजारात बसलेला नाही. आणि कडूबा पहाटे नाल्याच्या वाळूत गुडघे टेकून म्हणाला होता, "प्रभू, ही बारव मी लाल करतो. तू माझी नंदा ठेव." मग रोजची प्रार्थना म्हणायला गेला, तर 'तुझ्या मनासारखं होऊ दे' इथं येऊन त्याची जीभ अडली. हे म्हटलं आणि देव ते खरंच धरून बसला तर? ती ओळ गिळून तो तसाच उठला.

त्यानं दवा बादलीत विरघळवली, बादली पाण्यात सोडली, वर ओढली, पुन्हा सोडली. पाणी हळूहळू जांभळट झालं. वर येऊन तो दूर लिंबाखाली बसला. अर्धा तास रंग टिकला पाहिजे, नाही टिकला तर पुन्हा दवा.

बसल्या बसल्या तो कान देऊन होता. मिशनचं देऊळ तिथून दीड कोसावर, वारा सरळ असला की घंटा ऐकू यायची. मिशनमधलं माणूस गेलं की घंटा वाजते, वयाच्या वर्षांइतके ठोके. म्हाताऱ्यांसाठी मोजता मोजता माणूस थकून जायचा. कडूबा सकाळपासून त्या सात ठोक्यांच्या धास्तीत होता. मध्येच एका बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली, तर त्यानं मोजायलाही सुरुवात केली. एक, दोन, तीन... बैल पुढे निघून गेला तेव्हा कुठे तो मोजायचा थांबला.

पण घंटा वाजली नव्हती. सूर्य डोक्यावर आला तरी वाजली नव्हती. नवस पोचला, असं त्याला वाटायला लागलं.

"काय रे, तुझा देव नवसाला पावतो का?" चतुराबाईनं दुरूनच विचारलं. म्हातारी दगडावर एकटीच बसली होती.

कडूबा दचकला. हिला कसं कळलं? "आमच्यात नवस नसतो, आजी," तो खाली बघत म्हणाला.

"बरंय मंग. मी केल्ता. नातवासाठी मरीआईला बोकड बोलले, चोळी-पातळ बोलले. बिलकुल वाट न पाहता परवाच फेडून आले, म्हनलं आधी देऊन टाकावं. लेकरू काल गेलं." ती रडत नव्हती. "मी काय कमी दिलं, तेवढं सांग."

मिशनमध्ये असता तर कडूबानं पाद्रीसाहेबांचं एखादं वाक्य ठेवून दिलं असतं. इथं त्याला लाज वाटली.

"तुमी काई कमी न्हाई दिलं, आजी," तो म्हणाला. "का गेलं, ते मला ठाऊक न्हाई."

म्हातारीनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तेवढ्यात मिशनची बैलगाडी आली. गाडीवान भुजंग दवेची दुसरी डबी घेऊन आला होता. कडूबा धावत पुढे गेला.

"नंदा कशी हाये?"

"मला काय ठाऊक? मी गोदामावरून सरळ इकडं आल्तो. तंबूकडं कोणाला जाऊ देत न्हाईत."

"घंटा तर वाजली न्हाई," कडूबा म्हणाला, जणू भुजंगालाच धीर देत.

भुजंगानं डबी त्याच्या हातात दिली. मग म्हणाला, "मेमसाहेबांनी सकाळीच दोरी वर बांधून टाकली. काल सहा येळा वाजली ना. तंबूतले पेशंट ती ऐकूनच अर्धे मरून राह्यले म्हने. आता पटकी सरल्याशिवाय वाजनार न्हाई."

सकाळपासून ज्या शांततेला कडूबा धरून बसला होता, तिला काही अर्थच नव्हता.

"चल, गाडीत बस," भुजंग म्हणाला. "लेकराजवळ जा."

कडूबानं बारवेत डोकावून पाहिलं. पाणी पुन्हा हिरवं झालं होतं. रंग टिकला नव्हता. काठावर चार म्हातारे आणि एक म्हातारी त्याच्याकडे बघत होती, आणि शेतातल्या पालांवरून बायका रिकाम्या घागरी घेऊन येताना दिसत होत्या.

"तू जा," तो भुजंगाला म्हणाला. "मी येतो मागून."

दुसरी डबी घेऊन तो पुन्हा उतरला. खाली गारवा होता, अंधार होता, आणि वरचं कोणी दिसत नव्हतं. तिथं त्याला रडू फुटलं. "प्रभू," तो बादली ढवळत म्हणाला, "नवस मी परत घेतो. ही बारव नंदासाठी न्हाई. ही या लोकांसाठी. नंदाचं..." पुढची ओळ अजूनही तोंडातून निघेना. मोठा भक्त म्हणवणाऱ्याची ही तऱ्हा. तो नुसताच ढवळत राहिला. बोटं दवेनं तपकिरी झाली.

या वेळी रंग टिकला. उन्हं कलल्यावर तो निघाला, तेव्हा चतुराबाई वाटेत उभी होती.

"त्या गाडीवाल्याचं बोलणं मी ऐकलं. तुझी लेक आजारी हाये?"

"हो."

"मंग इथं काय करून राह्यला होता रे?"

कडूबानं तिला हात जोडले आणि तो चालू लागला.

दीड कोसाची वाट. पळत जावं असं वाटायचं, आणि पाय मात्र रेंगाळायचे. कारण तो पोचत नाही तोवर नंदा जिवंत होती.

देवळाशी पोचला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. घंटेची दोरी वर कडीला गुंडाळलेली होती. द्वारकाबाई चिंचेखालून उठून त्याच्याकडे आली. डोक्यावरचा पदर नीट, उजवी मूठ मिटलेली. तिनं तोंड उघडलं, तसा तो घाईनं म्हणाला, "थांब. आधी मला बोलू दे. तू सांगितल्यावर मला म्हनता येनार न्हाई."

ती थांबली. तो गुडघ्यांवर बसला, शेजारी तीही बसली. त्यानं रोजची प्रार्थना धरली. ती ओळ आली तेव्हा त्याचा आवाज इतका थरथरला, की त्याला वाटलं आता काही जमत नाही. तेवढ्यात शेजारून द्वारकाबाईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. तिनं ती ओळ आधी म्हटली आणि मागून त्यानं. "तुझ्या मनासारखं होऊ दे."

आमेन झाल्यावर तिनं मूठ उघडली. नंदाच्या दोन हिरव्या बांगड्या होत्या, पटकीनं गेलेल्याच्या कबरीत टाकतात त्या चुन्याची पांढरी भुकटी लागलेल्या. म्हणजे मातीसुद्धा देऊन झाली होती.

ती ओळ म्हणताना तिला सगळं ठाऊक होतं.

"दुपारीच," ती म्हणाली. "मेमसाहेब म्हनल्या, हिच्यापुरती दोरी सोडते. मीच नको म्हनलं. तंबूत दुसऱ्याची लेकरं हायेत, ती भितील."

कडूबानं बांगड्या धोतराच्या सोग्यानं पुसल्या. मग दोघं बांधलेल्या घंटेखाली बसून राहिली. त्यानं मनातल्या मनात सात मोजले, सावकाश, एकेका वर्षापाशी थांबत.