पंचनाम्यात नसलेला आरसा

विषय : अज्ञात वाहनाच्या धडकेने मयत झालेल्या नागनाथ यांच्या प्रकरणात, जागेवर पडलेला परंतु पंचनाम्यात न आलेला आरसा.
संदर्भ : १) घटनास्थळ पंचनामा. २) मयताचा मुलगा नागेश याचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन की, तो आरसा मीच.

माझा जन्म कारखान्यातला. एका पांढऱ्या गाडीच्या डाव्या बाजूला मला बसवले. मागून कोण येते ते दाखवणे हे माझे काम. मालक गाडीबाहेर उभे राहून माझा उपयोग भांग पाडण्यासाठी करत. त्यांचा चेहरा मला पाठ आहे. पण आरशात चेहरा टिकत नाही, एवढा आमच्या जातीत दोष आहे. गाडीचा नंबर मी कधी पाहिला नाही.

त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. नागनाथ भाजीची पिशवी खांद्याला लावून रस्त्याच्या कडेने गावाकडे चालले होते. मालक फोनवर बोलत होते. माझा दांडा म्हाताऱ्याच्या खांद्याला लागला, पिशवीत अडकला आणि तुटला. नागनाथ कडेच्या पुलाच्या कठड्यावर आपटले. गाडी थांबली नाही. मालकांना मागे पाहायची इच्छा झाली असती, तरी डावीकडचे दाखवणारा मी आता रस्त्यावर पडलो होतो.

लोकांनी नागनाथांना टेम्पोत घातले. तासाभरात दवाखान्यातून फोन आला, की ते वाटेतच गेले. मग माणसांनी जे केले ते मनापासून केले. माझ्या फुटलेल्या कडेच्या काचा झाडून काढल्या, रक्तावर घागरभर पाणी ओतले, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. गाडीचा नंबर कोणी टिपला नव्हता. फोटोही कोणी काढला नाही, कारण ते वाईट दिसते. पोलीस ठाण्याचे जमादार आले तेव्हा तो रस्ता डांबर पडल्यापासून प्रथमच स्वच्छ झाला होता.

पंचनाम्यात लिहिले गेले : 'घटनास्थळी वाहनाचा कोणताही भाग मिळून आला नाही.' खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक सही बाजारात दाढी करणाऱ्या सितारामची. त्या वेळी मी त्याच्याच धोपटीत, वस्तऱ्याशेजारी होतो.

दहाव्याला नदीकाठी सितारामने नागेशचे डोके केले आणि सवयीने मला त्याच्यापुढे धरले. नागेशने स्वतःकडे पाहिलेच नाही. माझ्या तुटक्या दांड्यात वडिलांच्या पिशवीचा हिरवा धागा अडकला होता, तो त्याने ओळखला. ती पिशवी त्याच्या आईने, सरजाबाईने, जुन्या लुगड्याची शिवली होती.

"काका, ह्यो आरसा कुठला?"

"तिथलाच हाय. कुनाच्या पायात काच जाईल म्हून उचलला."

"आन् काहीच सापडलं न्हाई म्हून सही बी तुमीच केली."

सितारामने वस्तरा पुसून धोपटीत ठेवला. "जमादार म्हनले, करा. मेलेल्या मानसाचं काम, नगं कसं म्हनू? आरशाची याद बी न्हाई ऱ्हायली, बाबा."

नागेशने त्याला शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन ठाण्यात गेले. सिताराम वाटेत दोनदा थांबला, परत मात्र फिरला नाही. कारकुनाने मला उलटसुलट पाहिले. दहा दिवस न्हाव्याच्या धोपटीत राहिलेला आरसा आता पुरावा कसा, असे त्याने विचारले. "साहेब, खोटा ठरलो तर ठरू द्या," सिताराम म्हणाला, "पर गाडी हुडका."

अर्ज द्या, असे ठरले. पुरवणी पंचनामा करायचा, तर दोन्ही पंच हजर हवेत. दुसरा पंच ऊसतोडीला गेला आहे.

सरजाबाई एकदा ठाण्यात आल्या. त्यांना आरसा नको होता. तो धागा तेवढा मागत होत्या. कारकून म्हणाला, तो पुराव्याचा भाग आहे, काढता येणार नाही. मात्र पुरावा म्हणून माझी नोंद अद्याप कोठेही नाही.

वाचकांना विनंती एवढीच. असे काही घडले तर जखमीला आधी उचला, पण काच उचलू नका. फोटो वाईट दिसला तरी काढा. पडलेल्या तुकड्याभोवती चार दगड मांडा आणि पोलीस येईपर्यंत तिथेच उभे राहा. नारळ दुसऱ्या दिवशी फोडला तरी चालतो.

त्या गाडीला एव्हाना नवा आरसा बसला असेल. मालक त्यात भांग पाडत असतील.

मी कारकुनाच्या खणात आहे. दुसरा पंच परतलेला नाही. पुरवणी पंचनामा झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.