आत्याच्या म्हशीचं इंजिन

गल्लीतले सगळे तिला आत्या म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही म्हणत, आणि ज्यांच्या सात पिढ्यांशी तिचा काडीचा संबंध नव्हता तेही म्हणत. खरी आत्या ती फक्त दादाच्या मुलांची, आणि ती मुलं केव्हाच परगावी नोकरीला लागली होती. आत्याची साठी जवळ आली होती. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलं की ती दर वेळी नवं कारण सांगायची आणि विचारणाऱ्याचं तोंड बघत बसायची. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात हलवणं हा तिचा धंदा, आणि त्यातली तिची एकुलती एक भागीदार म्हणजे जुनी डिझेल पिकअप. रंगाने काळी, चालीने संथ, आणि मनात येईल तिथे रस्त्यात बसकण मारणारी, म्हणून तिचं नाव म्हैस.

या म्हशीला आता तपासणीवाल्यांनी रस्त्यावर यायला बंदी केली होती. इंजिन ऑइल प्यायचं आणि निळा धूर ओकायचं. सायलेन्सरवर इतकी ठिगळं होती की मूळचा पत्रा शोधावा लागला असता. काचेवर लाल कागद चिकटवून ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी भंगारात.

दुसऱ्याच दिवशी दादा वहिनीला घेऊन आला. आला तो थेट खुर्चीत बसला आणि निकाल दिल्यासारखा बोलायला लागला.

"झालं तेवढं पुरे झालं. गाडी काढून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. मागची खोली तुझ्यासाठी तयार केलीय. रंगसुद्धा दिलाय."

"कोणता?"

"गुलाबी."

"मला गुलाबी आवडतो असं तुला कोण म्हणालं?"

"बायकांना आवडतो."

वहिनी शेजारीच बसली होती. तिने छताकडे पाहिलं.

दादा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर आत्याचं काम सोपं झालं असतं, तिने त्याला दोन शब्द सुनावून दार लावून घेतलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात म्हैस आडरस्त्याला बसली होती, आत्याचा फोन बंद पडला होता, आणि ही बाई केबिनमध्ये पांघरूण घेऊन घोरत असताना दादा सकाळपर्यंत एकेक दवाखाना धुंडाळत फिरला होता. त्या दिवसापासून त्याच्या पोटात भीती बसली होती, आणि त्याच्या भीतीला हुकूम सोडायची सवय होती. आत्याला हे सगळं कळत होतं. पण भावाची भीती कळणं वेगळं आणि त्यासाठी गुलाबी खोलीत जाऊन बसणं वेगळं.

"मी इंजिन बांधते," ती म्हणाली. "इथेच, मागच्या शेडमध्ये."

"या वयात?"

"वय माझं झालंय, पान्याचं नाही."

"आणि गाडी पास झाली नाही तर?"

"तर येईन तुझ्याकडे. झाली तर तू परत त्या खोलीचं नाव काढायचं नाहीस."

"कबूल. पण नाही झाली तर मुकाट्याने यायचं."

"मुकाट्याने नाही. पण येईन. वहिनी, तू साक्षीदार."

वहिनी म्हणाली, "मी ऐकलंय सगळं." एवढंच म्हणाली, पण फार ठासून म्हणाली.

दोघा बहीण-भावांना हे काम बाबांनी शिकवलं होतं. बाबांचं गॅरेज होतं, आणि मुलगा-मुलगी असा भेद करण्याइतकी माणसं त्यांच्याकडे कामाला नव्हती, त्यामुळे दोघांचीही नखं सारखीच काळी झाली. पुढे दादाने सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि पाना विकायला लागला. आत्या पाना वापरतच राहिली.

तिने चेनपुली लावून इंजिन उतरवलं. खोललं तेव्हा आतली अवस्था बघून तिने म्हशीच्या कुळाचा उद्धार केला. रिंगा झिजून पातळ झाल्या होत्या, पिस्टनवर ओरखडे होते. ब्लॉक घेऊन ती लेथवाल्याकडे गेली. त्याने आत बोट फिरवलं आणि मान हलवली.

"आत्या, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल."

"कोंबडी माझी, मसाला माझा. तू फक्त चूल पेटव."

त्याने सिलिंडर आतून कातून बोअर करून दिलं. पुढचं सगळं तिने शेडमध्ये केलं. नवे पिस्टन बसवले, रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, बेअरिंगं बदलली. व्हॉल्व्ह तर तिने हातानेच घासले. तोंडाला पेस्ट लावून, दांडी दोन्ही तळव्यांत धरून, रवी फिरवावी तसा एकेक व्हॉल्व्ह फिरवत बसायची. खांदे भरून यायचे, कंबर बोंब मारायची. येणारे-जाणारे डोकावून सल्ला देऊन जायचे, कारण सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं. "आत्या, आता आराम करा," असं एक जण म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या हातात चिंध्यांची टोपली दिली आणि म्हणाली, "बरं झालं आलास, या धुऊन आण." तो पुन्हा दिसला नाही.

एकच गोष्ट तिला सलत होती. बाबांचा एक नियम होता. इंजिन बांधताना एकाने बोल्ट आवळायचा, आणि दुसऱ्याने स्वतःचा पाना लावून तो तपासायचा आणि मग त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. आवळणाऱ्याने स्वतः ठिपका द्यायचा नाही, कारण आपली चूक आपल्याला कधी दिसत नाही. आणि ठिपका पडला की त्या बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही. लावला, तर ठिपका देणाऱ्याला खोटं ठरवल्यासारखं होतं. आयुष्यभर हे दोघं बहीण-भाऊ एकमेकांना ठिपके देत आले होते. आता ठिपका द्यायला कुणी नव्हतं, आणि दादाला बोलवायला तिचं नाक आडवं येत होतं. म्हणून हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट तिने आवळले, परत तपासले, आणि बिनठिपक्याचेच ठेवले.

इंजिन चेनपुलीने परत गाडीत बसवलं, आणि शेवटी मॅनिफोल्ड राहिला. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा हा बिडाचा तुकडा. तो तिने बसवला, पण बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवले, कारण मागचा पाईप जागेवर बसल्याशिवाय तो आवळायचा नसतो. मग सायलेन्सर आणायला ती वेल्डरकडे गेली. या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत, ते त्याच्या कामामुळे की तोंडामुळे, ते तोच जाणे.

"जुन्या सायलेन्सरला एक ठिगळ लावून देतो," ठिणगी म्हणाला. "उगाच खर्च कशाला?"

"ठिगळं लावायची तर मी घरी शिलाईच नसती का केली? नवा पाईप वाकव. आणि जोडाला भोक राहिलं तर मी तुझ्या दारात गाडी चालू करून बसेन."

ठिणगीने शिव्या घालत घालत पाईप असा बनवला की आत्याला एक शब्द बोलायला जागा उरली नाही.

ती परत आली आणि बघते तर इंजिनावर पांढरे ठिपके. हेडच्या बोल्टांवर, मॅनिफोल्डच्या बोल्टांवर, सगळीकडे. कोपऱ्यातला रंगाचा डबा उघडा होता. असे ठिपके जगात एकच माणूस देत असे. आत्या स्टुलावर बसली. दादा आला होता. चोरून आला होता, सैल मॅनिफोल्ड त्याने आवळला होता, आणि एका शब्दाने न बोलता बहिणीच्या कामाला ठिपका देऊन गेला होता. तिचे डोळे भरून आले. तिने पाईप जोडला, तो बिनतक्रार जागेवर बसला, मग सायलेन्सर टांगला, आणि ठिपक्यांच्या बोल्टांना हात लावला नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी दादा आणि वहिनी आले. आत्या ठिपक्यांबद्दल काही बोलली नाही, दादाही बोलला नाही. तिने किल्ली फिरवली. म्हैस दोनदा खाकरली आणि चालू झाली. आत्याच्या तोंडावर हसू फुटणार, इतक्यात आवाज आला. ठक. ठक. ठक. कुणीतरी आतून हातोडी मारत असल्यासारखा. बॉनेटखालून धूर यायला लागला.

"बंद कर!" दादा ओरडला. "कनेक्टिंग रॉड वाजतोय. गेलं इंजिन!"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण सुटल्याचा भाव होता, आणि तो बघून तिचं डोकं फिरलं.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "केलंस तेवढं खूप केलंस. आता चल घरी."

"थांब."

तिने इंजिन बंद केलं नाही. बॉनेट उघडून वाकली, कान लावला. आवाज खालून, रॉडच्या जागेतून, येत नव्हता, बाजूने येत होता. तिने मॅनिफोल्डजवळ हात नेला. प्रत्येक ठोक्याबरोबर गरम हवेचा फुत्कार तळव्यावर आला. मग तिने इंजिन बंद केलं, चिंधी गुंडाळून एका ठिपक्याच्या बोल्टला धरलं आणि फिरवलं. तो बोटांनी फिरला. दुसराही फिरला.

"दादा, हे काय आहे?"

दादा वाकून बघत राहिला.

"तू आवळले नाहीस?"

"मी पाईपसाठी सैल ठेवले होते. ठिपका बघून मला वाटलं तू आवळलेस. पाना लावला होतास की नाही?"

"हेडचे दोन तपासले," तो अडखळत म्हणाला. "दगडासारखे घट्ट होते. मग म्हटलं, तू केलंयस म्हणजे बाकीचेही तसेच असणार. तुझ्या हातचं कधी सैल निघालंय का?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. आत्या चिंधीने हात पुसत राहिली, आणि मग रागाने बोलली.

"म्हणजे बाबांचा नियम मोडण्याइतका तुझा माझ्या हातावर भरवसा आहे. पाना लावून बघायचीसुद्धा तुला गरज वाटली नाही. आणि त्याच हातांना तू गुलाबी खोलीत नेऊन बसवणार होतास?"

"मला तुझी काळजी वाटते गं. त्या रात्री तू कुठे होतीस हे मला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. जिवंत आहेस की नाही तेही माहीत नव्हतं."

"नव्हतं माहीत. यापुढेही कधीकधी नसेल. ते तुला सोसत नाही, हे तुझं दुखणं आहे. त्याचं औषध मी का घेऊ?"

दादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि भिंतीवरचा पाना काढला. आत्याने एकेक बोल्ट आवळला. त्याच्या मागोमाग दादाने एकेक तपासला, या वेळी दात-ओठ खाऊन, आणि जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला. मग तिने किल्ली फिरवली. म्हैस सरळ, एका सुरात चालत राहिली. दादाने मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात धरला, तो उलटा करून पाहिला. हात स्वच्छ होता. तो त्याने शर्टाला उगाचच पुसला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला तो स्वतःहून बरोबर आला. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आत्याला रेस द्यायला सांगितलं, मग यंत्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा यंत्राकडे पाहिलं. काचेवरचा लाल कागद खरवडून काढला. मग पास झाल्याचा कागद त्याने दादापुढे धरला.

"इंजिन छान केलंय तुम्ही."

दादाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नाही. हिने. आणि गाडीपण हिचीच आहे, कागद तिला द्या."

तपासनिसाचा हात मध्येच थांबला. आत्याने खिडकीतून हात काढून तो कागद घेतला, आणि फारशी वाट न बघता गिअर टाकला.

दादाच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली. तो उतरला. "आत ये, चहा घेऊन जा."

"चहा इथेच आण. मी उतरणार नाही."

"शब्द दिलाय मी. खोलीचं नाव काढणार नाही."

"माहीत आहे. तरीपण उतरणार नाही. आज मला इथेच बसायचंय."

चहा वहिनीने आणला. दोन कप आणले. एक खिडकीतून आत्याच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन, वळसा घालून, ती दुसऱ्या बाजूने गाडीत चढून बसली. एवढ्या वर्षांत ती म्हशीत पहिल्यांदाच बसत होती. दोघींनी सावकाश चहा प्यायला. इंजिन चालूच होतं. मग वहिनीने रिकामे कप खिडकीतून दादाच्या हातात दिले आणि दार ओढून घेतलं.

"चल," ती आत्याला म्हणाली.

"अगं, कुठे निघालात?" दादाने विचारलं.

आत्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने खांदे उडवले.

"ठरलं नाही!" आत्या ओरडली. "परत आलो की सांगू!"

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आत्याने आरशात पाहिलं. दादा दोन्ही हातांत कप घेऊन फाटकात उभा होता. हाक मारायला त्याने तोंड उघडलेलं दिसलं, आणि मग त्याने ते मिटलं.