सहाव्या बटणावरचा आवाज

शिंपीकाकांनी पासष्टाव्या वर्षी जुनी टुरिंग मोटरसायकल घेतली, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. गाडी कसली, दोन चाकांवरचा सोफाच. मागे तीन पेट्या, पुढे भलीमोठी काच आणि काचेखाली चक्क रेडिओ.

"बाबा, ही नुसती उभी करायलाच दोन माणसं लागतील," सून म्हणाली.

"दोन आहोत की आम्ही."

दुसरं माणूस म्हणजे काकू. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय, खोलीला पडदे आहेत की नाहीत, हे त्या नुसत्या 'हॅलो'वरून सांगत. त्यामुळे काकांचा जीव इंजिनात आणि काकूंचा रेडिओत.

पहिले दोन रविवार भांडणात गेले. हेल्मेटमधले स्पीकर काकूंच्या कानांना टोचत होते, म्हणून काकांनी अस्तर उसवून त्यांना मऊ खिसे शिवून दिले. पण खरी तक्रार वेगळीच होती.

"सिग्नल आला की तुम्ही गाण्याचा गळा दाबता!"

"अगं, मी हातसुद्धा लावला नाही!"

शेवटी सीटखालचं माहितीपुस्तक काढलं. त्यात निघालं, की गाडीचा वेग वाढला की आवाज आपोआप चढतो आणि वेग उतरला की उतरतो. काकूंनी मोठ्या मनाने काकांना माफ केलं.

रेडिओला सहा बटणं होती आणि प्रत्येकावर आधीच्या मालकाने एकेक स्टेशन साठवलेलं होतं. पाचांवर गाणी, बातम्या, बाजारभाव वगैरे. सहाव्यावर नुसती खरखर. तो मालक कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. गाडी दुकानातून घेतलेली.

"पुसून टाका आणि तुमच्या आवडीचं भरा," सुनेने सुचवलं.

"बटण तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय स्टेशन साठत नाही," काकू म्हणाल्या. "चुकून होणारी गोष्ट नाही ही. खरखर कुणी जपून ठेवतं का? म्हणजे कुठेतरी ती खरखर नाही."

झालं. तेव्हापासून दर रविवारी नवा रस्ता आणि सहावं बटण. जिथे खरखर जरा पातळ वाटेल तिथे काकू थांबायला लावत आणि काकांच्या खडूने नकाशावर खूण करत. काका कुरकुरत, "कापड बेतल्यासारखा नकाशा बेततेस." पण चार रविवारांत सगळ्या खुणा एकाच बाजूला सरकल्या. दगडखाणीपलीकडच्या चढाच्या बाजूला.

पाचव्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला चढावरच्या वळणाशी काकूंनी काकांच्या पाठीत गुद्दा घातला.

"थांबा! थांबा!"

गाडी थांबली तसा आवाज उतरला. काकूंनी सीटच्या कडेचा आवाज वाढवायचा खटका घाईने वर केला. एक जाडसर, सावकाश पुरुषी आवाज बोलत होता.

"...निळ्या शर्टवाला सायकलवरून उतरला. सायकल भिंतीला टेकवतोय. टेकली. नाही, पडली. उचलली. आता कुणी बघितलं का, ते बघतोय."

"नाटक आहे का हे?" काका.

"शू. उघड्यावर बसलाय. गच्ची असावी, वारा लागतोय माइकला. आणि जिना चढून दमलाय."

"भिंतीवर मांजर आलीय," आवाज पुढे म्हणाला. "शेपटीचं टोक पांढरं. आणि वरच्या रस्त्याच्या वळणावर एक मोठी मोटरसायकल येऊन थांबलीय. तपकिरी. दोन माणसं. मागची बाई मान वाकडी करून काहीतरी ऐकतेय."

काकूंनी चटकन मान सरळ केली.

"आता सरळ केली."

काका बावचळून चहूकडे पाहू लागले.

"पुढचा माणूस आभाळात बघतोय. काय हरवलंय देव जाणे."

काकूंनी हळूच हात वर केला.

"बाई हात करतेय. कुणाला, ते कळत नाही." आवाज पहिल्यांदाच अडखळला. "थांबा हं. मला तर नाही?"

काकूंनी हेल्मेटसकट एवढी मोठी मान हलवली की गाडी डुगडुगली. खाली, उतारावर, तीन मजली पांढऱ्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस खुर्चीतून उठून टॉवेल हलवत होता.

दोघं उतारावरून खाली गेले. फाटकावर पाटी होती: डोळ्यांचं रुग्णालय. गच्चीवर गेल्यावर कळलं, टॉवेलवाला तिथला लिफ्टमन आहे. रविवारी ऑपरेशनं नसतात, त्यामुळे लिफ्टला काम थोडं. वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक छोटा रेडिओ, आणि गच्चीवर याचं खोक्याएवढं स्टेशन.

"डोळ्यांवर पट्टी आली की माणसाला वाटतं, बाहेरचं सगळं बंदच पडलं," तो म्हणाला. "मी आपला सांगत बसतो, की चालू आहे."

काकूंनी सहाव्या बटणाची गोष्ट सांगितली. तसा तो खाली गाडीपाशी आला, चारी बाजूंनी फिरला आणि हसला.

"ही मोजणीदाराची गाडी! जमिनी मोजत फिरायचा. त्याची बायको सहा आठवडे दुसऱ्या मजल्यावर होती. भेटायची वेळ चार ते पाच. सकाळी आत सोडत नसत, मग हा रविवारी वरच्या वळणावर गाडी लावायचा आणि तिला जे ऐकू येतंय तेच ऐकत बसायचा. संध्याकाळी दोघं त्यावर अशी बोलायची, जणू सकाळी बरोबर फिरून आलीत."

"मग? बऱ्या झाल्या त्या?"

"एक डोळा वाचला. पण वारा लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिला घरी ठेवून गाडीवर बसायचं त्याच्या जिवावर येई. विकून टाकली. आता तपासणीला दोघं बसने येतात."

काका खिशातलं फडकं काढून डावी पेटी पुसत राहिले.

इतक्यात आतून लिफ्टची घंटा वाजली. लिफ्टमन काकूंकडे वळला.

"पाच मिनिटं माइक सांभाळता?"

"मी? अहो, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं. मध्ये बोलायची सक्त मनाई होती."

"इथे नाही मनाई. जे दिसेल ते सांगा. उगाच गोड करून सांगू नका, त्यांना लगेच कळतं."

गच्चीवरच्या खुर्चीत काकू अगदी टोकावर बसल्या. माइकवरचा लाल दिवा त्यांच्याकडे बघत होता. खाली काका गाडीचा रेडिओ लावून कान देऊन उभे होते.

"खाली..." काकूंचा आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला. "खाली एक शिंपी उभा आहे. खिशातून मोजपट्टी गुडघ्यापर्यंत लोंबतेय, आणि त्याचा त्याला पत्ता नाही."

काकांनी दचकून मोजपट्टी आत कोंबली. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून हसण्याची लाट आली. किती जण हसले, ते काकूंनी ऐकता ऐकता मोजलं. अकरा. आणि एक कोपऱ्यातलं, उशिरा हसलेलं.

मग त्या सैलावल्या. दोरीवरच्या चादरी, फाटकाशी पाय झटकणारा पेपरवाला, त्याची एका बाजूला झुकलेली थैली. लिफ्टमन परत आला, पण माइक न मागता कठड्याला टेकून ऐकत राहिला.

थोड्या वेळाने एक नर्स धापा टाकत वर आली.

"नऊ नंबरच्या आजी विचारताहेत, झाडाला पालवी आली का? त्या आल्या तेव्हा नुसत्या काड्या होत्या म्हणे."

"कुठलं झाड? इथे तीन आहेत."

नर्स खाली धावली, परत आली. "विहिरीजवळचं."

काकू कठड्यावरून वाकल्या. "खालच्या फांद्यांना आलीय, आजी. वरच्या अजून विचार करताहेत."

नर्स पुन्हा गेली, पुन्हा आली. "पानं तांबूस आहेत की हिरवी, असं विचारलंय."

काकूंनी डोळे बारीक केले. वरून नीट दिसेना.

"आजी, दोन मिनिटं थांबा हं," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "खोटं नाही सांगायची. जवळ जाऊन बघून येते."

आणि लिफ्टची वाटही न बघता त्या जिना उतरू लागल्या.