बझरच्या तोंडावरची टेप

कारखान्यात त्याला सगळे सायरनसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. रंगाच्या कारखान्याचा तो सुरक्षा अधिकारी. पंधरा वर्षं त्याने एकच भाषण केलं होतं आणि न कंटाळता केलं होतं. "अलार्म वाजला की डोकं चालवू नका, अलार्मचं ऐका!" ऐकणाऱ्यांनी यातला पहिला भाग मनापासून पाळला होता.

अशा माणसाने पिकअप ट्रक घेतला. घरात माणसं दोन, वाहून न्यायचं सामान म्हणाल तर आठवड्याची भाजी. पण ट्रकने रुबाब येतो असं मेहुण्याने सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा मेहुण्याचं म्हणणं त्याला पटलं. मग एका रुबाबाला दुसरा जोडत गेला. पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिवे, मागे जाडजूड हूक आणि त्या हुकावर सायकली अडकवायचा रॅक. घरात सायकल नव्हती आणि घ्यायचा विचारही नव्हता.

रॅक बसवून घरी आला, गाडी रिव्हर्समध्ये टाकली, आणि डॅशबोर्डवरचा पार्किंग सेन्सरचा बझर जो बोंबलायला लागला तो थांबेचना. बायको मागे जाऊन उभी राहिली.

"अहो, मागे काही नाहीये! या खुशाल!"

"काही नाही, तर वाजतोय कशाला?"

"तुम्ही लोढणं लावलंय ना ते, तेच दिसतंय त्याला!"

बायकांना यंत्रातलं काय कळतं, असा चेहरा करून तो दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याकडे गेला. वायरिंगवाल्याने दोन मिनिटं वाकून पाहिलं आणि बायकोचंच वाक्य जरा तांत्रिक करून सांगितलं. "सेन्सर ठणठणीत आहे. मागे वस्तू आहे, तो वस्तू आहे म्हणून सांगतोय. रॅक काढा, नाहीतर सेन्सर रॅकच्या बाहेर घेऊ. दोन दिवस गाडी ठेवावी लागेल."

रॅक काढणं शक्यच नव्हतं, कारण शेजाऱ्याने कालच थांबून तो निरखून पाहिला होता. दोन दिवस गाडी ठेवणंही शक्य नव्हतं, कारण मग शेजाऱ्याने काय पाहायचं? चार दिवस त्याने ते बोंबलणं सहन केलं. पाचव्या दिवशी गाडीत बसून, इकडेतिकडे बघून, त्याने बझरच्या तोंडावर कापसाचा बोळा दाबला आणि वरून काळी टेप गुंडाळली. इतकं बरं वाटलं त्याला! काम झाल्यावर हात रुमालाला पुसले आणि टेपचं रीळ सीटखाली सरकवून दिलं.

आता योगायोग म्हणा नाहीतर दैवाची चेष्टा, पण त्याच आठवड्यात कारखान्यात एक चौकशी होती आणि ती सायरनसाहेबानेच लावली होती. तीन आठवड्यांपूर्वी एका फोर्कलिफ्टच्या रिव्हर्स सेन्सरच्या बझरवर त्याला टेप सापडली होती. चालवणारा चौदा वर्षं नोकरीतला, एक ओरखडा नाही की एक तक्रार नाही. पण साहेबाने त्याला जागच्या जागी निलंबित केलं आणि पाच पानी अहवाल लिहिला. 'आळस, बेफिकिरी व यंत्रणेबद्दल अनादर' हे शब्द त्याने स्वतः दोनदा अधोरेखित केले होते. शिफारस होती, नोकरीवरून काढावं.

चौकशीच्या सकाळी साहेब नवा शर्ट घालून निघाला. कारखान्याच्या आवारात नेहमीच्या ऐटीत त्याने ट्रक मागे घ्यायला सुरुवात केली. टेपची कृपा, गाडीत छान शांतता होती. एवढ्यात ट्रकच्या कुशीवर धडाधड थापा बसल्या.

"थांबा! थांबा! ओ, थांबा!"

त्याने करकचून ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर रॅक आणि आग विझवण्याच्या पाण्याचा लाल खांब यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. थापा मारणारा माणूस धापा टाकत उभा होता. तोच फोर्कलिफ्टवाला, इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कागदांची पिशवी.

"बझर बिघडलाय का साहेब?" त्याने उघड्या दारातून आत डोकावत विचारलं. मग त्याला डॅशबोर्डवरचा काळा गोळा दिसला. चौदा वर्षं जो माणूस यंत्रावर बसला, त्याला ते काय आहे हे कुणी सांगायला नको होतं.

फोर्कलिफ्टवाल्याने नजर हळूच बाजूला घेतली. "चला, उशीर होतोय," एवढंच तो म्हणाला.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलामागे मॅनेजरबाई बसल्या होत्या, शेजारी लिहून घ्यायला क्लार्क.

"टेप तुम्ही लावली?" बाईंनी विचारलं.

"लावली मॅडम. दिवसभर वाजायचा तो, मागे काही नसताना. डोकं उठायचं."

"बझर उगाच कसा वाजेल?" बाई साहेबाकडे वळल्या. "तुम्ही सांगा. वाजतो का उगाच?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबाने आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं. नाही मॅडम, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. त्याने तोंड उघडलं आणि समोर बघितलं. फोर्कलिफ्टवाला खाली बघत बसला होता. त्याने एक शब्द काढला असता, पार्किंगकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तरी साहेबाची छी-थू झाली असती. तो बोलत नव्हता, आणि साहेबाला त्याचीच जास्त लाज वाटली.

"वाजतो," साहेब म्हणाला. "आपणच त्याच्यापुढे काही लावलं, तर वाजतो. फोर्कलिफ्टला मागून जाळीचा गार्ड बसवायला मी सांगितलं होतं. सेन्सरला तो गार्ड दिसत असणार. माझ्या गाडीचंही तेच झालंय. आणि..." इथे त्याने समोरची फाईल मिटली. "आणि मीही टेपच लावलीय. बाहेर उभी आहे गाडी, बघा."

क्लार्कचं पेन थांबलं. "साहेब, हे लिहू?"

"लिहा."

साहेबाला वाटलं, आता तरी तो माणूस मान वर करेल, निदान एकदा हसेल. त्याने मान वर केली, पण तो हसला नाही.

"तीन आठवडे घरी बसलोय मी," तो म्हणाला. "पोरीला सांगितलं, रजा काढलीय. गार्डचं हेच तर मी अर्जात लिहिलं होतं साहेब. वाचला नाहीत?"

"चौकशी लागल्यावर प्रत्येकजण अर्ज करतो," साहेब सवयीने म्हणाला, आणि फाईल उघडली. अर्ज होता. त्याच्याच पाच पानांच्या मागे, नीट टाचून लावलेला. एवढ्याशा अक्षरात दोन ओळी होत्या. गार्ड बसवल्यापासून बझर सारखा वाजतो आहे, कृपया कुणीतरी येऊन बघावं, तोवर काय करू ते कळवावं.

त्याने तारीख पाहिली. अर्ज टेप सापडायच्या चार दिवस आधीचा होता, आणि खाली 'मिळाला' म्हणून त्याची स्वतःची सही होती.