काळा दगड

"थांबा, ताई, थांबा. सुपलीत घेऊ नका त्याला," असं म्हणत लू मास्तर पायरीवर गुडघे टेकून बसले. मेलेलं पाखरू बघून एवढा हरखलेला माणूस थोंग शूचिननं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पाखरू हिरवं होतं, पोट लालभडक, खांद्यावर निळा ठिपका. मान मोडली होती.

"आठरंगी," मास्तर त्या जातीचं नाव पुटपुटले. "हार्बिन शहराच्या नदीकाठावर आजवर कुणी पाहिला नाही."

"अजूनही पाहिला नाहीच," शूचिन म्हणाली. "मेल्यावर सापडला, त्याला पाहणं म्हणतात होय?"

ती साधं बोलली तरी लोकांना भांडल्यासारखं वाटे. पंचवीस वर्षं तागाच्या गिरणीत काढलेली. यंत्रांच्या वर आवाज चढवल्याशिवाय शेजारणीला मीठसुद्धा मागता येत नसे. गिरणी बंद पडली, आवाज तेवढा राहिला. आता ती 'हंसतीर' नावाच्या नव्या इमारतींच्या काचघरात झाडलोट करायची. काचघर म्हणजे घरं विकायची कचेरी: सगळ्या भिंती काचेच्या, तोंड सोंगहुआ नदीकडे, आणि रात्रभर आत लख्ख उजेड. शरद ऋतूत उत्तरेकडून निघालेली पाखरं रात्री नदीच्या काठाकाठानं दक्षिणेला जात. उजेड दिसला की वळत, काचेवर येऊन आदळत आणि पायऱ्यांवर मरून पडत. हंस काही तिथं कुणी पाहिला नव्हता. नाव मात्र त्याचं होतं, आणि नावापायी घरामागे भाव चढला होता.

लू मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, नदीकाठच्या पक्षी मंडळाचे अध्यक्ष. शेगडीच्या धुराड्याएवढी दुर्बीण खांद्यावर घेऊन ते आणि त्यांची माणसं नदीच्या वाळूत पहाटेपासून उभी राहत आणि जाणारी पाखरं मोजत. वाळूत मंडळाची जमा, पायऱ्यांवर शूचिनचा खर्च. दोन्ही बाजू एकमेकींशी कुणी कधी ताडून पाहिल्या नव्हत्या.

"न्या," शूचिन म्हणाली, "पण एक करा. त्या पांगसाहेबांना सांगा, नदीवर बर्फ घट्ट बसेपर्यंत रात्रीचे दिवे बंद ठेवा म्हणावं. मी सांगून थकले. माझ्या तोंडाला किंमत नाही, तुमच्या चष्म्याला आहे."

तिनं खरंच सांगितलं होतं. पांगसाहेब कचेरीचे मॅनेजर, वय तिच्या धाकट्या भावाच्या मुलाएवढं, बूट मात्र आरशासारखे. ते म्हणाले होते, "थोंग ताई, अंधारात घर कोण बघतं?"

"मध्यरात्री तरी कोण बघतं?"

"पलीकडच्या रस्त्यानं जाणारे बघतात."

"मग पडदे लावा."

"काचघराला पडदे? मग काच कशाला बसवली?"

"तेच विचारतेय मी," शूचिन म्हणाली होती, आणि त्यावर तिला आठ दिवस संडासांचं काम मिळालं होतं.

मास्तरांनी आठरंगी रुमालात बाळासारखा गुंडाळला. "सांगतो. शब्द देतो, ताई. आजच सांगतो."

त्यानंतर मास्तर दिसेनात. पायऱ्यांवर मात्र रोज कुणी ना कुणी दिसतच होतं: बोटाएवढी पाखरं, पिवळ्या भुवईची, गळ्याला कुंकू लावल्यासारखी. शूचिन ती सुपलीत घेई आणि मागच्या भिंतीशी पुरे. पुरताना ती पांगसाहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस करी, मोठ्या आवाजात.

मग एक दिवस काचघरावर फलक चढला: 'शरदातले पाहुणे. पक्षी मंडळाचं छायाचित्र प्रदर्शन. चहाची सोय.' मधोमध ठेवायला पेंढा भरलेला आठरंगी आला, तोही काचेच्या पेटीत. काचेनं मारला तो मारला, वर काचेतच बसवला.

मास्तर तिला कोबीच्या ट्रकपाशी सापडले. हिवाळ्याच्या लोणच्यासाठी अख्खा मोहल्ला गड्डे निवडत होता. तिनं त्यांच्या हातगाडीपुढे आपली हातगाडी आडवी घातली.

"बोललात?"

"बोललो ना. विषय काढला मी. पांगसाहेब फार सुसंस्कृत माणूस आहे, ताई. जागा फुकट दिली. लोक येतील, बघतील, त्यांच्यात जाणीव येईल, मग हळूहळू..."

"दिवे?"

मास्तर कोबीची वरची पानं सोलू लागले. "एकदम दिव्यांवर गेलो तर जागाच जाईल. मंडळाला तीस वर्षांत कुणी चार भिंती दिल्या नव्हत्या. थोडं धोरणानं घ्यावं लागतं."

"मग पाखरांनाही तेच शिकवा. म्हणावं, डोकं जरा धोरणानं आपटा."

भोवतालचे लोक हसले. मास्तर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. शूचिनला त्याचाच जास्त संताप आला. हातातला गड्डा त्यांच्या टोपीवर हाणावा असं वाटलं. पण निवडून घेतलेला चांगला घट्ट गड्डा होता, तो तिनं आपल्या गाडीत टाकला.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री धुकं दाटलं आणि पहाटे वर्षाचा पहिला बर्फ पडला. फोटो उठून दिसावेत म्हणून आत जादा दिवे लावलेले. सकाळी पांगसाहेबांचा फोन आला.

"ताई, पायऱ्यांवरचा बर्फ काढा. पाहुणे येतायत. काळा दगड लखलखीत दिसला पाहिजे."

"आणि बर्फाखाली जे असेल ते?"

"काय असणार? बर्फ काढा म्हटलं ना."

शूचिन बाहेर आली. पायऱ्यांवर पांढऱ्या पांघरुणाखाली लहान लहान उंचवटे होते. एवढे एका रात्रीत तिनं कधी पाहिले नव्हते. मग तिनं मोठं फावडं भिंतीला टेकवलं, आखूड केरसुणी घेतली आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली. निजलेल्या मुलाभोवती झाडावं तसं एकेका पाखराभोवतीनं झाडलं. एकही जागचं हललं नाही. बर्फाचा कण म्हणून कुठं ठेवला नाही.

पाहुणे आले ते खालच्या पायरीशीच थबकले. काळ्या दगडावर पाखरं पडली होती, पिवळी, करडी, तांबडी. पाय ठेवायला जागा शोधावी लागली असती.

पांगसाहेब दार उघडून आले. "हे काय आहे?"

"बर्फ काढला, साहेब. दगड दिसतोय ना?"

"ही घाण उचला आधी."

"तुम्ही बर्फ म्हणालात. हा बर्फ नाही."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आजची पाळी माझी आहे."

लू मास्तर छातीवर लाल फूल लावून सगळ्यांच्या पुढे उभे होते. ते दोन पायऱ्या चढून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, द्या ती केरसुणी. मी भरतो."

"देते की," शूचिन म्हणाली. गिरणीतला आवाज तिनं मुद्दाम खाली आणला, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "आधी मोजा. मोजल्याशिवाय तुम्ही लोक जागचे हलत नाही ना? हीपण नदीवरनंच आलीत."

मास्तर त्या दिवशीसारखेच गुडघे टेकून बसले.

"पिवळ्या भुवईचा," ते म्हणाले. सवयीनं मोठ्यानं म्हणाले. "लाल गळ्याचा. हापण लाल गळ्याचा." निम्म्या पायऱ्या होईपर्यंत आवाज गेला, नुसतं बोट फिरत राहिलं. आत दिव्यांखाली कपांतला चहा निवत होता, आणि कुणी चढत नव्हतं.

बर्फ पुन्हा भुरभुरू लागला. शूचिन मास्तरांच्या पुढे एक पायरी वर उभी होती. त्यांचं बोट अजून पोचलं नव्हतं अशा पाखरावर बर्फ साचला की ती वाकायची आणि केरसुणीच्या टोकानं ते उघडं करायची.