तीच करडी पँट

दवाखान्यातून दिलेली पावडर मी दोन लिटर पाण्यात कालवली आणि ह्यांच्यासमोर पहिला ग्लास ठेवला. ह्यांनी वासानेच तोंड वाकडं केलं.

"दर पंधरा मिनिटांनी एक," मी म्हटलं. "नाटकं नकोत. उद्या दुर्बिणीतून आतडी स्वच्छ दिसली नाहीत, तर आल्या पावली परत पाठवतील."

आठ वर्षं ह्यांनी पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं. कधी चार-चार दिवस गच्च, कधी नुसते ढाळ. जेवण झालं की शिलाई मशीनवर डोकं टेकून पडायचं आणि गिऱ्हाईक आलं की ताठ बसायचं. नाक्यावरचा डॉक्टर ॲसिडिटीच्या गोळ्या देई, हे त्या चघळत बसत. गेल्या महिन्यात हे संडासात पाणी टाकायला विसरले आणि मला रक्त दिसलं, म्हणून हा दिवस उगवला. नाहीतर ह्यांनी ताकास तूर लागू दिली नसती.

तिसऱ्या ग्लासानंतर ह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी उद्याचे कपडे काढायला बसले. नर्सने सैल कपडे घालून यायला सांगितलं होतं. ह्यांची बाहेर जायची पँट एकच, करडी, पाच वर्षांपूर्वी स्वतः शिवलेली. कंबर इंचभर सैल करावी म्हणून मी ती उलटी केली. आमच्या दुकानात मशीन ह्यांची. माझ्याकडे काजं, बटणं आणि हातशिलाई. ह्यांच्या शिवणीत मी कधी डोकावले नव्हते.

आत एक नव्हे, सहा शिवणी होत्या. मागे आणि दोन्ही बाजूंना, एकीच्या आत दुसरी. दोरा दर वेळी वेगळा, त्या दिवशी मशीनवर जो असेल तो. मी टेप लावली. अडतीसची कंबर बत्तीसवर आली होती. जास्तीचं कापड मात्र कापलेलं नव्हतं, नीट दुमडून आत ठेवलं होतं. पुन्हा अंग भरेल अशी आशा असल्याशिवाय कुठला शिंपी एवढं कापड आत ठेवत नाही.

पहिल्या दोन शिवणी जांभळ्या होत्या. तो दोरा मी ओळखला. बँडवाल्यांचे कोट शिवले त्या हिवाळ्यात आणला होता, नंतर कधीच नाही.  त्या हिवाळ्यानंतरच्याच उन्हाळ्यात नाक्यावरच्या डॉक्टरने विचारलं होतं, "वजन घटलंय का? घटलं असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवतो."  ह्यांच्याऐवजी उत्तर मी दिलं, तेही ठसक्यात. "छे हो, तीन वर्षांची पँट आजही फिट्ट बसते." डॉक्टर हसला. म्हणाला, शिंप्याच्या बायकोचा अंदाज कसा चुकेल? आणि पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. त्याला दोन वर्षं झाली.

मी पँट घेऊन संडासाच्या दारापाशी गेले.

"अहो, ही पहिली शिवण का घातलीत?"

 आतून पाणी ओतल्याचा आवाज.

"विचारतेय मी."

"तुला कळलं असतं, तर तू तपासायला नेलं असतंस," हे म्हणाले.

"मग? न्यायचं नव्हतं?"

"बाबांना तपासलं आणि तीन महिन्यांत गेले. तोवर चांगले हिंडत-फिरत होते."

"तपासल्यामुळे गेले नाहीत ते."

"कळतं गं," हे म्हणाले. "आता कळतं."

मला ह्यांचा इतका राग आला की दारावर लाथ घालावीशी वाटली. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. रोज ह्या माणसासमोर बसून मी बटणं लावत होते. गाल बसले, ते वयाने बसले म्हटलं. हे भिंत धरत बाहेर आले, पांढरेफटक. भांडायला शब्द तोंडात तयार होते. मी ग्लास पुढे केला.

"सहावा," मी म्हटलं. ह्यांनी मुकाट्याने प्यायला.

मग मी ब्लेड घेऊन सहाही शिवणी उसवल्या.

सकाळी हे पँट मुठीत धरून चालत होते. मी पट्टा पुढे केला, तो घेतला नाही.

दवाखान्यात काट्यावर बावन्न किलो भरले. "आधी किती होतं?" नर्सने विचारलं. आमच्याकडे काटा नाही, माणूस आम्ही टेपनेच मोजतो. "बरं, घटलंय का?" तिने पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"तिला विचारू नका," हे म्हणाले. "तिच्यापासून लपवलं होतं मी. सहा इंच."

"किलोत सांगा ना, काका."

"किलो माहीत नाही." ह्यांनी कमरेवरची मूठ सोडून पुढचं मोकळं कापड तिला ओढून दाखवलं. "सहा इंच. त्यातले दोन, दोन वर्षांपूर्वीचे."

तिने काहीच लिहिलं नाही. "बसा हं," म्हणाली, आणि डॉक्टरांना बोलवायला आत गेली.