उन्हातले सेल

"सेल तापलं का रं, बाळासो?" राजारामनं खालून विचारलं.

पत्र्यावर चढलेला मेव्हणा ओरडला, "हात भाजतुय, दाजी! पन ह्ये मेल्यालंच दिसत्यात."

वडूजची वीज पहाटेच गेली होती. टेपरेकॉर्डरला जुनेच सेल होते, उन्हात तापवले की थोडा वेळ चालणारे. मिरजेची एसटी अकराला. उद्या तिथला डॉक्टर राजारामच्या बायकोच्या, बयाबाईच्या घशातलं स्वरयंत्र काढणार होता. जीव वाचेल, आवाज जाईल, असं त्यानं सरळ सांगितलं होतं.

बयाबाईनं जात्यावरची ओवी म्हणायची, राजारामनं ती बँजोवर पळवायची, बाळासोनं ताशा कडाडवायचा. वरातीत नवरदेवाची आजीसुद्धा पदर खोचून नाचायची. बारा वर्षं हेच. पण तिचा आवाज कधी टेप केला नव्हता. बायको घरातच होती, टेप कशाला करायचा?

"आवं, असं रडकं त्वांड करून कुटं वाजिवत्यात व्हय?" बयाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "धरा सूर."

ऊन खाल्लेले चार सेल टेपमध्ये बसले. राजारामनं लाल बटण दाबलं.

*कोंबडी माझी लाडाची, बसली गं पत्र्यावरी,*
*वरून टाकलं अंडं, फुटलं सासूच्या डोईवरी!*

आवाज मधेच चिरकला, पण ठसका तोच. शेवटी खोकल्याची उबळ आली, तीही टेप झाली.

तीन आठवड्यांनी ती परतली. गळ्याला पट्टी होती. घरात वीज होती. राजारामनं वायर जोडून टेप लावली, आणि आतून सात वर्षांची पोर किनऱ्या आवाजात तुरुतुरु गाऊ लागली. बँजो डासासारखा गुणगुणत होता. बाळासोला हसू फुटलं. दाजींचं तोंड बघून ते विरलं.

"सेल उतरल्यालं व्हतं, दाजी. तवा टेप हळू फिरली. आता विजंवर पळतीया."

राजारामनं कॅसेट परत गुंडाळली. पुन्हा लावली. टेपवर चापट मारली, दुसऱ्या प्लगात घातली. चौथ्यांदा तीच पोर गायली, तेव्हा तो मटकन खाली बसला.

"ही ती न्हाई रं. माझी बया कुटं गेली?"

बयाबाई हसत होती. खांदे गदगदत होते, आवाज नव्हता. मग ती उठली. कोनाड्यातले तेच चार सेल तिनं काढले आणि बाळासोच्या हातात देऊन वर पत्र्याकडं बोट केलं.

दुपारभर तिघं सेल तापायची वाट बघत बसले.

मग राजारामनं वायर उपसली, सेल घातले, बटण दाबलं. आतून ती बोलली. घोगरी, चिरकी, खरी. *कोंबडी माझी लाडाची...* बयाबाईचे ओठ बरोबरीनं हलू लागले. 'वरून टाकलं'पाशी आवाज जड झाला, ओढला गेला, थांबला.

तिचे ओठ थांबले नव्हते.

राजारामनं बँजो मांडीवर ओढला. तिच्या ओठांवर नजर ठेवून त्यानं पुढचं धरलं. जरा हळू, तिचा श्वास पुरेल एवढंच.